देशोदेशीचे ‘टॉप गिअर’ आणि आपला रस्ता

(सांगली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी सकाळी अंगणात बसून आपल्या प्रिया स्कूटरचा कार्बोरेटर स्वतः उघडायचे. मी त्यांचा वर्गातला विद्यार्थी नव्हे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक म्हणून मी आयुष्य काढलं आणि त्या स्कूटरमुळेच आमची ओळख झाली. जेट साफ करताना ते मला शब्दांची व्युत्पत्ती विचारायचे आणि मी त्यांना स्क्रूचे आटे मोजून दाखवायचो. म्हणून आजचा विषय त्यांना चालला असता, अशी माझी खात्री आहे.

ती प्रिया आमच्या साताऱ्याची. मूळ घराणं इटलीतल्या व्हेस्पाचं. 1960च्या दशकात बजाजने पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा इथे बनवायला घेतली, पुढे परवाना संपला, आणि 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. इटलीत जी तरुण जोडप्याच्या सहलीची गाडी, तिच्यावर इथे पुढे मुलगा उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी आणि पायाशी दळणाचा डबा. यंत्र जवळजवळ तेच, पण संसार निराळा. परकी गोष्ट आपली कधी होते, या प्रश्नाचं उत्तर मला तिथे पहिल्यांदा दिसलं. तोच प्रश्न आज एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निमित्ताने तुमच्यासमोर ठेवतो.

‘टॉप गिअर’ हे नाव इथल्या तरुणांना सांगायला नको. 1977 मध्ये बीबीसीच्या बर्मिंगहॅमच्या केंद्राने तो सुरू केला, तेव्हा तो गाडी कोणती घ्यावी, इंधन किती खाते, रस्त्यावर काय काळजी घ्यावी असं सांगणारा सरळ माहितीचा कार्यक्रम होता. अँजेला रिपन या वृत्तनिवेदिका पहिल्या सूत्रसंचालकांपैकी एक. 2001 मध्ये तो बंद झाला. ऑक्टोबर 2002 मध्ये जेरेमी क्लार्कसन आणि निर्माते अँडी विल्मन यांनी त्याला नवं रूप दिलं. डन्सफोल्डची जुनी धावपट्टी, हेल्मेटआड चेहरा लपवलेला ‘स्टिग’ नावाचा चालक, सामान्य गाडीतून फेरी मारणारे नामवंत पाहुणे, आणि एकमेकांची उणीदुणी काढणारे तीन मित्र. हा साचा इतका चालला की जगातल्या दोनशेहून अधिक प्रदेशांत तो दिसू लागला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मग बीबीसीने साचाच विकायला काढला. ऑस्ट्रेलिया, रशिया, अमेरिका, कोरिया, चीन, फ्रान्स, इटली अशा देशांनी तो विकत घेऊन आपापल्या आवृत्त्या काढल्या.

या आवृत्त्या मी विद्यार्थ्यांबरोबर पाहिल्या. भाषा कळत नसेल तिथेही पाहिल्या, कारण गाडीचा आवाज आणि माणसाचा चेहरा यांना दुभाषा लागत नाही. एका मुलाने मला विचारलं, “सर, धावपट्टी तीच, पांढरा ड्रेसवाला तोच, तिघं बी तसेच. मग हितं मज्जा का येत न्हाई?” त्याच्या या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केला आहे.

ऑस्ट्रेलियाची आवृत्ती 2008 मध्ये एसबीएस वाहिनीवर आली. सूत्रसंचालकांत एक शर्यतीचा चालक, एक व्यंगचित्रकार आणि एक समालोचक. तिघेही आपापल्या कामात पक्के. तरी प्रेक्षकांची तक्रार राहिली की हे लोक इंग्लंडच्या तिघांची जागा भरायला बसवल्यासारखे वाटतात. दुसऱ्या हंगामात एक माणूस बदलला, पुढे वाहिनी बदलली, माणसं पुन्हा बदलली, आणि 2011 मध्ये गाडी थांबली. माझ्या मते चूक माणसांची नव्हती. इंग्लंडचं त्रिकूट कुणी निवडून बसवलेलं नाही, हेच तिथे विसरलं गेलं. 2002 च्या पहिल्या हंगामात तिसरा माणूस जेसन डॉ नावाचा जुन्या गाड्यांचा जाणकार होता. जेम्स मे 2003 मध्ये आला. त्यानंतर बारा वर्षं ते तिघे एकत्र भिजले, अडकले, भांडले, तेव्हा कुठे ते आपल्याला खरे वाटू लागले. अशी मैत्री करारपत्राच्या कलमात कशी उतरणार?

अमेरिकेची गोष्ट जास्त शिकवून जाते. तिथे आधी एका मोठ्या वाहिनीने नमुन्याचा भाग करून पाहिला आणि सोडून दिला. 2010 मध्ये हिस्टरी वाहिनीने तो घेतला. एक विनोदी कलाकार, एक रॅली आणि ड्रिफ्टिंगचा चालक आणि एक नॅस्कार शर्यतींच्या प्रसारणातला दक्षिणेकडचा माणूस. सुरुवातीच्या भागांत तोच स्टुडिओ, तीच टाळ्या देणारी गर्दी, आणि पाहुण्यांच्या फेरीसाठी सुझुकी एसएक्स4. पुढच्या हंगामांत त्यांनी स्टुडिओ टाकून दिला, जुन्या गाड्या घेतल्या आणि आपल्या अफाट देशाच्या रस्त्यांवर निघाले. तिथून तो कार्यक्रम अमेरिकेचा झाला. त्या देशात मोटार म्हणजे अंतर. दिवसभर गाडी चालवावी आणि संध्याकाळी अजून त्याच राज्यात असावं. हे अंतर स्टुडिओत बसून कसं दाखवणार? 2016 पर्यंत तो चालला. फ्रान्सने 2015 मध्ये उशिरा सुरुवात केली, एक नट, एक शर्यतपटू आणि एक संगीतकार घेऊन. तिथे तो कित्येक हंगाम टिकला, कारण मैदान सोडून गावांत, घाटांत, द्राक्षमळ्यांच्या वाटांवर जायला त्यांनी वेळ लावला नाही. रशियाची आवृत्ती एका हंगामात आटोपली.

आता पाहुण्यांच्या फेरीसाठी निवडलेल्या त्या ‘परवडणाऱ्या’ गाडीकडे जरा जवळून पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. इंग्लंडमध्ये आधी सुझुकी लियाना होती, मग शेव्हरोले लासेटी. लासेटी म्हणजे आपल्याकडे ऑप्ट्रा या नावाने विकली गेली ती गाडी. अमेरिकेतली एसएक्स4 तर मारुतीच्या दुकानात होती. मोठा नट किंवा गायक अशा साध्या गाडीत बसतो, ती रडवतो, वळणावर घसरतो, हीच तिथली गंमत. पण आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात ऑप्ट्रा आली तेव्हा काय झालं होतं? बोनेटवर स्वस्तिक काढलं गेलं, चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं, पेढे वाटले गेले, आणि गाडी आधी नृसिंहवाडीला किंवा औदुंबरला जाऊन आली. जिथे मोटार म्हणजे नोकरीची, उसाच्या बिलाची, बँकेच्या हप्त्याची साक्ष आहे, तिथे ‘स्वस्तातली टाकाऊ गाडी’ हे वाक्यच उभं राहत नाही. इंग्लंडच्या त्या कार्यक्रमात मोठमोठ्या कॅराव्हॅन मजेने जाळल्या, पाडल्या, चिरडल्या गेल्या. आमच्या वर्गातली मुलं ते पाहताना गप्प व्हायची. एकाने हळूच विचारलं होतं, “सर, त्यातली खिडकीची काच तरी काढून घ्यायची हुती की.”

याच मुलांना टोयोटा हायलक्सचा भाग मात्र तोंडपाठ होता. 2003 मध्ये क्लार्कसनने एक जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, झाडावर आदळली, पेटवली, शेवटी पाडायच्या इमारतीच्या माथ्यावर ठेवली. नियम एकच होता, दुरुस्तीला साधे पाने चालतील, नवा सुटा भाग चालणार नाही. प्रत्येक वेळी मेस्त्रीने ती चालू केली. वर्गात टाळ्या पडायच्या त्या गाडी चालू झाल्यावर, फोडल्यावर नव्हे. हा फरक नीट ध्यानात घ्या. आपल्याकडे या कार्यक्रमाची आवृत्ती निघाली तर तिचा नायक गाडी मोडणारा असून चालणार नाही. तो गाडी चालू ठेवणारा असावा लागेल.

भारतात या नावाचं मासिक 2005 मध्ये आलं. कार्यक्रमाचे मूळ लोक मात्र पाहुणे म्हणून येऊन गेले. डिसेंबर 2011 मध्ये दाखवलेल्या भारत विशेष भागात ते मुंबईत उतरले, एक जुनी रोल्स रॉइस, एक जॅग्वार आणि एक मिनी घेऊन. मुंबईत त्यांनी मोटारींतून जेवणाचे डबे पोहोचवायचा खटाटोप केला आणि पुढे हिमालयाकडे गेले. जॅग्वारच्या डिकीवर त्यांनी संडासाचं भांडं बसवलं होतं. भारतीय उच्चायुक्तालयाने जानेवारी 2012 मध्ये बीबीसीकडे नाराजी कळवली. मला तो भाग पाहताना वाईट वाटलं ते केवळ त्या भांड्याचं नव्हे. डबे पोहोचवणारी मावळ-जुन्नरकडची माणसं लोकल आणि सायकल यांच्या जोरावर रोज जे करतात, त्यात शिकण्यासारखं किती होतं! डब्यावरच्या खुणा, गाडी बदलण्याची स्टेशनं, हातगाडीवरचा तोल. कॅमेरा तिथे दोन मिनिटं थांबला असता तर मोटारविश्वाला एक धडा मिळाला असता. पण तो पाहुण्यांचा भाग होता. पाहुणा आपल्या घरची गोष्ट सांगेल, अशी अपेक्षा धरणं चूकच.

आमच्या भागाचं तर याहून नवल आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं, त्यात शाहरुख खानची ती मोठी कॅराव्हॅन आपल्या मातीतून चालली. पण पडद्यावर ते उत्तर प्रदेशातलं चरणपूर होतं. ‘दबंग’साठीही वाई उत्तर प्रदेश झाली. आमचे रस्ते पडद्यावर दुसऱ्या प्रांताचं काम उत्तम करतात. त्यांना स्वतःचं काम अजून मिळालेलं नाही.

आणि हे सांगलीत बोलतो आहे, म्हणून मला बळ येतं. दुसऱ्याचा खेळ पाहून आपला खेळ उभा करण्याची विद्या या गावाइतकी कुणाला ठाऊक आहे? कर्नाटकातून भागवत मंडळी आली, त्यांचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं काही मराठीत करा. 1843 चं ‘सीतास्वयंवर’ त्यातून झालं. इथून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. फ्रेंच मोलिएरचं एक प्रहसन इंग्रजी वाटेने त्यांच्यापर्यंत आलं, त्याचा आधी ‘फाल्गुनराव’ आणि 1916 मध्ये संगीत ‘संशयकल्लोळ’ झाला. देवलांनी काय केलं पहा. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या! सगळं गाव महिन्यांचं आणि नक्षत्रांचं. ही कल्पना मोलिएरच्या कानावरही गेली नसेल. तिथून ते नाटक पंचांगासारखं मराठी घराच्या भिंतीला टांगलं गेलं. संशय फ्रान्सचाच राहिला, पण संशय घेण्याची रीत, बोलण्याची ढब, नवराबायकोतली ओढाताण इथली झाली. भाषांतरकाराने शब्द बदलले असते. देवलांनी माणसाचा माणसाशी असलेला संबंध बदलला. ‘टॉप गिअर’च्या बऱ्याच आवृत्त्यांनी शब्द तेवढे बदलले.

मग आपल्याकडे माणसाचा गाडीशी संबंध काय आहे? तो पाहायला मैदानावर जावं लागेल. सातारा-सांगलीच्या बैलगाडी शर्यतीत एका वेळी अनेक गाड्या आपापल्या तासातून सुटतात, छकड्यावर चालक असतो, आधी गट, मग सेमी, मग फायनल, आणि जो जोड पुढे तो पहिला. इथून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर खेड-जुन्नरकडे जा, तर तिथे घाट आहे, पुढे घोडी धावते, मागे बैल आहेत, गाड्यावर माणूस नाही, आणि एकेक बारी घड्याळाच्या सेकंदांवर मोजली जाते. एकाच खेळाच्या या दोन आवृत्त्या, आणि दोघांनीही एकमेकांची नक्कल केलेली नाही. सपाट माळ असेल तिथे समोरासमोरची चढाओढ जन्मली आणि चढाची जमीन असेल तिथे वेळेशी झुंज. जमिनीने नियम लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. या मधल्या वर्षांत बैलांचे दात वाढले, माणसं मात्र मैदान विसरली नाहीत. बैलाला त्रास होऊ नये म्हणून घातलेल्या अटी पाळल्याच पाहिजेत, हे मी इथे स्पष्ट सांगतो. ज्याला बैलावर प्रेम आहे त्याला चाबूक आणि खिळा लागत नाही.

आज त्या मैदानावर पहिल्या बक्षिसाला बुलेट, ट्रॅक्टर, थार उभी असते. बकासूर, मथुर अशी बैलांची नावं पोरांना क्रिकेटपटूंसारखी पाठ आहेत. मोबाइलवर थेट प्रक्षेपण चालतं आणि समालोचक अशा मराठीत बोलतो की त्याचा श्वास संपतो पण वाक्य संपत नाही. मित्रहो, हाच तो कार्यक्रम आहे. त्याला धावपट्टी, स्पर्धक, समालोचक, प्रेक्षक सगळं मिळालेलं आहे. फक्त त्यातला मोटारींचा अर्धा भाग अजून कुणी केलेला नाही.

तो कसा असावा, याचं माझ्या मनात चित्र आहे. इंग्लंडच्या नामवंतांच्या फेरीऐवजी आपल्याकडे यात्रेत होणारी ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याची स्पर्धा घ्या. ज्याने कधी केलं नाही त्याला हे सोपं वाटेल. एक ट्रॉली जोडून मागे जाताना स्टिअरिंग उलट्या दिशेला फिरवावं लागतं, कारण जोडावर कोन उलटतो. दुसरी ट्रॉली जोडली की तो कोन पुन्हा उलटतो, आणि मघाशी बरोबर असलेला हात आता चूक ठरतो. शिवाय चूक दिसायला उशीर लागतो. ती दिसेपर्यंत मागची ट्रॉली बांधाकडे कलंडायला लागलेली असते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या अंधारात कारखान्याच्या गेटात मागे घेणारा विशीतला पोरगा मी पाहिला आहे. मान पूर्ण मागे वळवलेली, डावा हात मडगार्डवर, उजव्या हाताची फक्त दोन बोटं स्टिअरिंगवर. कुठल्याही देशाच्या स्टिगने त्याच्याशेजारी उभं राहून ते पाहावं.

वडापच्या जीपचा एक भाग हवा. रस्ता, चढ, प्रवासी, वेळ यांचा हिशेब करणारा तो चालक खराखुरा गणिती आहे. त्याच भागात जादा माणसं भरल्याने ब्रेक लागायला किती अंतर जास्त लागतं, हेही रिकाम्या मैदानावर वाळूची पोती भरून मोजून दाखवावं. आमच्या मुलांना हे प्रयोग करता येतात, कुणीतरी कॅमेरा धरायला हवा. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली हे घाट आणि त्यांत गरम झालेल्या रेडिएटरवर पाणी ओतणारे ट्रकवाले यांचाही एक भाग करावा. एमएच 10, एमएच 11 आणि कराडच्या एमएच 50 या पासिंगवरून चहाच्या टपरीवर जी चर्चा होते, तिच्यावर पाच मिनिटं सहज निघतील.

आणि देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तालुका कडेगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातून एक छोटी जीप केली, दुचाकीसारखी किकवर चालू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची चित्रफीत दाखवली, ही गाडी नियमांत बसणार नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली. ही दिलदारी मोठी आहे. पण देशाने ती गाडी मिनिटभर पाहिली आणि वाहवा करून पुढे गेला. मी निदेशक, माझं मन तिथेच अडकलं. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या गतीने फिरायला हवं, ते त्याने कसं साधलं? ब्रेक चारही चाकांना आहेत का? पट्टी वेल्ड करताना चौकट वाकली तेव्हा सरळ कशी केली? पहिल्यांदा किक मारली त्या दिवशी घरात कोण कोण उभं होतं? हे विचारायला दोन तास लागतात आणि ऐरणीशेजारी मांडी घालून बसावं लागतं. चांगला मोटार कार्यक्रम म्हणजे हे दोन तास.

मूळ इंग्लंडचा कार्यक्रम आता बंद आहे. क्लार्कसन 2015 मध्ये बाहेर पडला. 2019 मध्ये क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ त्यात आला, तोच, ज्याने फेब्रुवारी 2002 मध्ये वानखेडेवर अंगातला शर्ट काढून फिरवला होता. डिसेंबर 2022 मध्ये चित्रीकरणात त्याला गंभीर अपघात झाला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये बीबीसीने कार्यक्रम थांबवल्याचं जाहीर केलं. वेग दाखवताना माणूस सुखरूप घरी गेला पाहिजे, ही अट आपल्या कार्यक्रमात पहिल्या ओळीत लिहावी. परवाना विकत घ्यायची आपल्याला गरज नाही. भाव्यांनी कुठे घेतला होता?

संयोजकांना माझी एक मागणी आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ भाषणाला देऊ नका. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आयटीआयच्या, तंत्रनिकेतनांच्या मुलामुलींनी आपल्या गावच्या गाडीवर, मेस्त्रीवर, चालकावर केलेल्या वीस-वीस मिनिटांच्या फिती या पडद्यावर दाखवा. आपापल्या बोलीतच बोला, पोरांनो, पुस्तकी मराठी आणू नका. बाहेरच्या अंगणात एक जुनी प्रिया उभी करा. पान्यांची पेटी मी घेऊन येतो.